कोठीच्या खोलीपर्यंत वायफाय

गंगाखेडचं आमचं घर रुंदीला चौदा फूट आणि लांबीला पंच्याऐंशी. वाटणीत अशीच पट्टी आली आणि ज्याला जेव्हा जमलं तसं त्यानं तीवर बांधलं. पुढच्या दोन खोल्या मी बांधल्या, विटा-सिमेंटच्या. मधल्या दोन वडिलांच्या वेळच्या, दगडी, भिंती इतक्या जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसतो. मग थोडं उघडं अंगण आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर आणि कोठीची खोली. पुढच्या दारातून जेवायला कोण आलंय ते ओरडून सांगितलं तर मागे फक्त ओरडल्याचं कळतं. कोण आलंय ते विचारायला आई पुढे येते आणि तोवर पाहुणा मागे जायला निघालेला असतो.

या घराच्या शेवटच्या टोकाला, गव्हाच्या कोठ्या आणि लोणच्याच्या बरण्या यांच्या मधे बसून, माझी सहासष्ट वर्षांची आई मोबाइलवर शिकत होती. संस्कृत श्लोकपठणाचा ऑनलाइन वर्ग होता. सेलूच्या मावशीनं तिला त्यात घातलं आणि स्वतः महिन्याभरात सोडून दिलं. आईनं सोडलं नाही. दुपारची भांडी झाली की ती कोठीचं दार आतून लावून घ्यायची, डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवायची आणि बसायची. दोनशे श्लोक पाठ करायचे आणि मग परीक्षा द्यायची, असा तो वर्ग होता.

पुढे हवेशीर बैठक असताना ही कोठीत का बसते, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. बायकोला मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझे वडील भिक्षुकी करतात. उभा जन्म मंत्र म्हणण्यात गेला, आवाज खणखणीत, आणि दुसऱ्याचा उच्चार चुकला की त्यांना राहवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आई संध्याकाळी देवापुढे काहीतरी म्हणत होती आणि वडिलांनी चार पाहुण्यांसमोर तिचा उच्चार सुधारला होता. "मी तिच्या भल्याचंच सांगितलं," असं ते आजही म्हणतात. आईनं त्यानंतर त्यांच्यासमोर मोठ्यानं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. आरतीलासुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवते.

कोठीत मोबाइलची रेंज एक काडी यायची, तीही मर्जी असेल तर; पुढच्या खोल्यांतही ती दोनाच्या वर जात नसे. श्रावणात वर्गाची सराव परीक्षा झाली. आईनं नवं लुगडं नेसून कोठीचं दार लावलं आणि पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. तिचा आवाज तिकडे पोचलाच नव्हता. संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर निकालाची यादी आली. आईच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिलं होतं.

"मी तर बसले होते," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "मॅट्रिकलाबी हेच लिहिलं असेल न्हाई का रे?"

आईची मॅट्रिकची परीक्षा तीन आठवड्यांवर असताना तिच्या लग्नाचा मुहूर्त निघाला होता. तो काढला होता माझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्याच घरच्यांनी. तिनं फॉर्म भरला होता, तिला नंबर आला होता. ती नापास झाली नाही, बसलीच नाही. हे ती कधी तक्रारीनं सांगत नसे, त्यामुळे आम्हीही कधी तक्रार म्हणून ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी वस्तू विकत घेतो.

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. आमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरची वायर सुटली की लोक मला बोलावतात आणि ती परत खोचता आली म्हणून माझा स्वतःविषयी गैरसमज झालेला आहे. मी फायबरची जोडणी सांगितली आणि सोबत स्वतःच्या अकलेनं मेशचा संच मागवला. मेश म्हणजे एकाऐवजी तीन पांढऱ्या डब्या. पहिली फायबरच्या डब्याला जोडायची, कारण त्याला स्वतःचं वायफाय नव्हतं, दुसरी तिच्याकडून वायफाय घेणार, तिसरी दुसरीकडून, आणि असं करत ते पंच्याऐंशी फूट मागे जाणार. खोक्यावर छापलं होतं की दहा मिनिटांत कोणालाही लावता येतो. तो छापणारा आमच्या घरी आलेला नव्हता.

फायबरवाला शनिवारी सकाळी नऊला आला. पन्नाशीचा माणूस, आधी केबलवाला होता, त्यामुळे अर्ध्या गावाच्या गच्च्या त्याला पाठ. तो खांद्यावर वायरीचं वेटोळं घेऊन दारात उभा राहिला आणि वडिलांनी पंचांगातून डोकं वर काढलं.

"साडेदहापर्यंत राहुकाळ आहे," वडील म्हणाले. "बसा."

"काका, वायरीला राहुकाळ न्हाई लागत."

"वायरीला नाही, घराला लागतो. बसा तुमी."

वडिलांनी त्याच्या मुंजीपासून घरभरणीपर्यंत नाही, पण त्याच्या दोन्ही पोरींची लग्नं लावली होती, त्यामुळे तो बसला. दीड तासात त्यानं दोन वेळा पोहे, तीन वेळा चहा घेतला आणि गावात कोणी कोणी चोरून केबलचे आकडे टाकले होते ते नावानिशी सांगितलं. साडेदहाला त्यानं वायर आत घेतली, बैठकीत फायबरचा डबा बसवला, हिरवा दिवा लागला. मग त्याची नजर माझ्या खोक्यावर गेली.

"ह्ये तुमी आनलं का?"

"हो. मेश आहे."

"मग ह्याची जिम्मेदारी तुमची," तो म्हणाला आणि वेटोळं खांद्यावर टाकून गेला. खरं तर त्याला वाटत होतं की मी 'तुम्हीच लावून द्या' म्हणेन. मलाही तसंच म्हणायचं होतं. पण बायको दारात उभी होती.

पहिली डबी लागली. मोबाइलमधलं अॅप मला विचारायला लागलं की ही डबी कोणत्या खोलीत आहे. यादीत बेडरूम होती, ऑफिस होतं, गॅरेज होतं. माजघर नव्हतं, कोठी तर नव्हतीच. मी मधल्या खोलीला ऑफिस केलं आणि कोठीला गॅरेज. दुसरी डबी मी मधल्या खोलीतल्या देवघराच्या कोनाड्यात ठेवली, कारण तिथे दिव्याच्या माळेसाठी प्लग होता आणि आकारही असा की डबी तिथे बसावी म्हणूनच कोनाडा केलाय. तिचा दिवा लाल झाला. मी ती बंद केली, चालू केली. लाल. अॅपनं मला सुचवलं की डबी पहिलीच्या जवळ आणा. जवळ आणायची तर मग मेश कशाला आणला, असं मी अॅपला मोठ्यानं विचारलं.

दोन दिवस माझं डोकं फिरलेलं होतं. मी जेवताना बोलत नव्हतो. नववीतली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, कोनाड्यातून काढून बघा ना," आणि मी तिला अभ्यासाला पाठवलं. आई रोज कोठीतून येऊन हळूच विचारायची, "लागलं का रे?" आणि उत्तर न ऐकताच परत जायची. ते विचारणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागायचं. तिसऱ्या दिवशी कचेरीतूनच, घरच्यांना कळू नये म्हणून, मी फायबरवाल्याला फोन केला.

"दगडात पुरली का साहेब?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

तो संध्याकाळी आला. कोनाड्यातली डबी काढली आणि अंगणाकडच्या खिडकीत ठेवली. तिसरी कोठीत पिठाच्या डब्यावर ठेवली. एकामागून एक दोन्ही दिवे पांढरे झाले. "दीड हात भिंत हाय. आवाज जायना तितून, वायफाय कसं जाईल?" तो म्हणाला. मुलगी नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी मान्य करतो की त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आईच्या मोबाइलवर कोठीत पाच काड्या आल्या. वर्गाच्या बाई तिला म्हणाल्या, "काकू, आज तुम्ही शेजारी बसल्यासारख्या ऐकू येताय." त्या दिवसापासून आई त्या डबीला जपायला लागली. तिनं तिच्यासाठी दोऱ्याचा रुमाल विणला. मी सांगितलं की डबी झाकायची नसते, तर तिनं रुमाल खाली अंथरला. पीठ काढायचं झालं की ती आधी डबी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायची, पीठ काढायची आणि परत ठेवायची. घरात इतक्या हळुवारपणे कोणाला उचललं जाताना मी पाहिलेलं नाही.

वडिलांना सुरुवातीला या प्रकाराचं काही कौतुक नव्हतं. पण भाद्रपदात त्यांच्या पुण्याच्या एका यजमानानं मोबाइलवरून पूजा सांगायला लावली. वडिलांनी मधल्या खोलीत बसून दोन तास पूजा सांगितली आणि एकदाही चित्र अडकलं नाही. त्यानंतर वडिलांचं मत बदललं. आल्यागेल्याला ते खिडकीतली डबी दाखवायचे आणि सांगायचे की पोरानं स्वतः लावली. मी दुरुस्ती केली नाही.

आईची खरी परीक्षा ठरली खंडेनवमीला, दुपारी चार वाजता. परीक्षा घेणाऱ्या बाई नोकरी करतात, त्यांनी नेमकी त्या दिवशी रजा घेतलेली. आईनं आठ दिवस आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की चार ते पाच कोठीत कोणी यायचं नाही. वडिलांना तिनं काही सांगितलं नव्हतं, आणि आमचं सगळं इथेच चुकलं.

मला त्या दिवशी कचेरी होती. तीनच्या सुमाराला मी सहज अॅप उघडलं. तिन्ही डब्यांपुढे लाल फुली. फायबरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "लाईन चालू हाय साहेब, तुमच्या घरातच कायतरी झालंय." मी स्कूटर काढली आणि घरी आलो.

बैठकीत पाटावर लाल कापड अंथरलेलं होतं. त्यावर खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. विळी होती, कोयता, अडकित्ता, वडिलांची पंचांगं, बायकोची शिवणाची कात्री, मुलीची कंपासपेटी. आणि मधोमध, झेंडूची फुलं वाहिलेल्या, हळदीकुंकवाची बोटं ओढलेल्या, आमच्या तिन्ही पांढऱ्या डब्या.

वडील प्रसन्न चेहऱ्यानं उभे होते. डब्यांची आठवण त्यांना जेवणानंतर झाली होती, आणि घर वामकुक्षीला असताना त्यांनी त्या आणून मांडल्या होत्या. "वर्षभर आपल्यासाठी राबणार ती हत्यारं," ते म्हणाले. "त्यांचा मान पहिला. पाणी नुसतं फुलानं शिंपडलंय, आत गेलेलं नाही."

"आईची चारला परीक्षा आहे," मी म्हणालो.

"कसली परीक्षा?"

बायकोनं त्यांना सगळं सांगितलं, दोनशे श्लोक, कोठी, श्रावणातली अनुपस्थिती. वडील ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मी डब्या उचलायला वाकलो तर स्वयंपाकघरातून आलेली आई म्हणाली, "हात लावू नको. पूजेतलं आज हलवायचं नसतं."

"आई, पावणेचार वाजलेत."

"वाजू दे. कंपासपेटी घेऊ का म्हणून पोरगी सकाळी विचारायली होती, तिला मी नाही म्हणले. आता माझ्यासाठी उचलू का?"

माझा पारा चढला. मी म्हणालो की असल्याच मुहूर्तशास्त्रापायी मॅट्रिक गेली, आता हीसुद्धा घालव. बोललो आणि लगेच जीभ चावली. आई पाटाजवळ बसली आणि सांडलेली फुलं गोळा करायला लागली. त्या घटकेला तिनं परीक्षा सोडून दिली होती, हे तिच्या हातांकडे बघून कळत होतं.

वाट काढली बायकोनं. "हलवायचं नाही ना? मग आहे तिथंच लावू," ती म्हणाली आणि इस्त्रीचा एक्स्टेन्शन बोर्ड आणायला गेली.

सगळ्यांनी वडिलांकडे बघितलं. शास्त्राचा प्रश्न होता. वडिलांनी डोळे मिटले, बराच वेळ घेतला, आणि म्हणाले, "हत्यार जागचं हलवू नये, एवढंच माझ्या वडलांनी सांगितलं. चालवू नये असं ते म्हणाले नाहीत. पाटावर ठेवलेला कोयता चालणार कसा, म्हणून म्हणाले नसतील. ही हत्यारं न हलता चालतात. चालू द्या."

माझ्या आयुष्यात त्यांनी इतका सोयीचा निर्णय पहिल्यांदा दिला.

पाटाशेजारून वायरी गेल्या. झेंडूच्या पाकळ्यांमधून तीन दिवे लागले, आधी लाल आणि मग एकेक करत पांढरे. पण तिन्ही डब्या एकाच पाटावर, म्हणजे वायफाय बैठकीपुरतं. कोठीत एकही काडी नाही. परीक्षा द्यायची तर इथेच, पूजेसमोर, वडिलांच्या आरामखुर्चीपासून चार हातांवर. आईनं हे लक्षात यायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. मग पदर खोचला, डाळीचा डबा मागवला, त्याला मोबाइल टेकवला आणि बसली. चारला दोन मिनिटं होती.

बाई पडद्यावर आल्या. चष्मा, मोठं कपाळ, प्रेमळ पण कामाच्या. त्यांनी नियम सांगितले. डोळे मिटायचे, पुस्तक जवळ ठेवायचं नाही, मी पहिला शब्द सांगेन, तुम्ही पुढे म्हणायचं. मग विचारलं, "काकू, खोलीत आणखी कोण आहे?"

आईनं डोळे उघडले. बायको मुलीला घेऊन मागे गेली होती, मी दाराशी होतो, आणि वडील खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. ओठ तयारीत.

"हे आहेत," आई म्हणाली. "ह्यांना सगळं पाठ येतंय. हे इथं बसले तर ह्यांचे ओठ हलतात, आणि मग मार्क ह्यांना द्यावे लागतील. थांबा, ह्यांना बाहेर बसवते." आणि वडिलांकडे वळून, आवाज न चढवता, "अहो, तुमी जरा ओट्यावर बसा."

त्या घरात वडिलांना कोणी कधी खोलीबाहेर जायला सांगितलेलं नव्हतं. आजोबांनीसुद्धा नाही. वडील उठले. मी त्यांच्या मागोमाग निघालो, कारण मलाही तेच लागू होतं. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, अगदी हळू.

आम्ही ओट्यावर खिडकीखाली बसलो. आतून बाईंचा आवाज आला, एक शब्द, आणि मग आईचा. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि माझ्या आईचा मोठा आवाज मला माहीत नव्हता. तो जाड होता, सावकाश होता, एकेक अक्षर निवडून ठेवल्यासारखा. वडील मान खाली घालून ऐकत होते. बाई विचारत होत्या, आई म्हणत होती. मी मोजत नव्हतो, पण बरेच झाले.

मग आई थांबली.

मी आधी मोबाइल बघितला. काड्या पूर्ण होत्या. वायफायला काही झालेलं नव्हतं, आईच अडली होती. आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता. वडिलांनी माझा गुडघा धरला. त्यांच्या तोंडात तो शब्द होता, नुसता सोडायचा राहिला होता.

"सांगू का?" ते कुजबुजले.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी ओठ गच्च मिटले आणि स्वतःचा हात तोंडावर धरला. पन्नास वर्षांत त्यांना एवढं अवघड काही करावं लागलं नसेल. आणि मग आतून आईचा आवाज परत आला, अडला होता तिथूनच, आणि शेवटपर्यंत गेला. वडिलांचा हात तोंडावरून खाली आला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा चरण मी चुकीचा म्हणत आलोय. तिचं बरोबर आहे."

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, म्हणून मी रस्त्याकडे बघत बसलो.

आत बाई म्हणत होत्या, "वा, काकू. झालं. उत्तीर्ण, विशेष श्रेणीत. प्रमाणपत्र घरी पाठवू."

खिडकीतून बघितलं तर आई तशीच बसलेली होती, डोळे मिटलेले, पाठ ताठ.

"काकू, ऐकू येतंय ना? परीक्षा संपली."

"एवढीच?" आई म्हणाली. "आणखी विचारा की. मला सगळं येतंय."

बाई म्हणाल्या की पुढच्या परीक्षार्थी थांबल्यात.

"मग दोनच विचारा," आई म्हणाली.